दोन लेकरांमधील अंतर व पतिपत्नीची संमती
(विवाहितांकरिता पाठ)

घरात लेकरू जन्मास येणे ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पहिले लेकरू अंगावर पीत असता दुसरे पोटात राहिले, तर त्या आनंदाचा सारा भार एकट्या मातेच्या शरीरावर पडतो. हा विषय चारचौघांत काढावयास पुष्कळांस संकोच वाटतो, आणि त्यामुळे जे नीट जाणले पाहिजे ते ऐकीव गोष्टींवरून अर्धवट जाणले जाते. हा संकोच जुना आहे. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी सन १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, आणि या कार्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. ते कॉलेज मिशनचे होते, ही गोष्ट आपण विसरू नये.

प्रस्तुत पाठात औषध अथवा साधन न वापरता, केवळ पाळीचे दिवस ओळखून दोन बाळंतपणांत अंतर कसे राखावे, याचा विचार करू. मुख्य मुद्दा आरंभीच सांगतो: ही रीत एकट्या स्त्रीस चालविता येत नाही. गणना दोघांस ठाऊक असेल व संमती दोघांची असेल, तरच ती चालते.

१. अंतर का राखावे?

गरोदरपण, बाळंतपण व अंगावर पाजणे यांत मातेच्या शरीरातील लोह व इतर सत्त्वे खर्च होतात. ती भरून येण्यापूर्वीच पुन्हा दिवस गेले, तर माता पंडुरोगी होते, आणि पुढील मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा संभव वाढतो. यास्तव एका बाळंतपणानंतर निदान २४ महिने पुन्हा गर्भ राहू देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. गर्भपात झाला असल्यास निदान ६ महिने थांबावे.

२. शरीराचा क्रम कसा आहे?

पाळीचा पहिला दिवस म्हणजे रक्तस्राव सुरू होतो तो दिवस. तेथून पुढील पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक फेरा होतो. प्रत्येक फेऱ्यात बहुधा एकच स्त्रीबीज पक्व होऊन बाहेर पडते. ते फार तर एक दिवस जिवंत राहते. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणून स्त्रीबीज सुटण्यापूर्वीचे ५ दिवस व तो दिवस, इतकाच काळ गर्भधारणेचा होय.

मग स्त्रीबीज सुटते तरी केव्हा? जपानातील डॉ. क्यूसाकू ओगिनो यांनी सन १९२४ मध्ये, आणि ऑस्ट्रियातील डॉ. हेर्मान क्नाउस यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांनी, स्वतंत्रपणे असे दाखविले की, त्याचा हिशेब मागील पाळीपासून न करता पुढील पाळीपासून मागे मोजून करावा. ते पुढील पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी सुटते. पाळी संपल्यावर लगेचचे दिवसच गर्भाचे, ही गावोगावची समजूत यास्तव सर्वांस लागू पडत नाही.

३. दिवस कसे मोजावेत?

पहिली रीत: निदान ६ फेरे पाळीची तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. त्यांतील सर्वांत लहान फेऱ्याच्या दिवसांतून १८ वजा करावेत. तो गर्भधारणेच्या काळाचा पहिला दिवस. सर्वांत मोठ्या फेऱ्यातून ११ वजा करावेत. तो शेवटचा दिवस. उदाहरणार्थ, लहान फेरा २७ दिवसांचा व मोठा ३१ दिवसांचा असल्यास, ९ व्या दिवसापासून २० व्या दिवसापर्यंत दूर राहावे.

दुसरी रीत: ज्या स्त्रीचे फेरे नेहमी २६ ते ३२ दिवसांच्या आत असतात, तिने ८ व्या दिवसापासून १९ व्या दिवसापर्यंतचे १२ दिवस टाळावेत. याकरिता ३२ मण्यांची माळ असते. तांबडा मणी हा पहिला दिवस. पुढे ६ तपकिरी. मग १२ पांढरे, हे टाळावयाचे. आणि शेवटी १३ तपकिरी. त्यांवरील रबरी कडे रोज एक मणी पुढे सरकवावे.

तिसरी रीत: स्त्रीने रोज आपल्या अंगावरील ओलावा पाहावा. स्त्रीबीज सुटण्याचे दिवस जवळ येता स्राव होतो, आणि तो अंड्यातील पांढऱ्या भागासारखा निसरडा व ताणला जाणारा होत जातो. आज किंवा काल कोणताही स्राव आढळला असेल, तर आज टाळावे. स्रावास दुर्गंधी किंवा सोबत खाज असल्यास तो रोग समजून डॉक्टरांस दाखवावे.

४. रामनगरमच्या माळेपासून काय शिकावे?

मण्यांची कल्पना नवी नाही. राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असता, सन १९५१ मध्ये भारत सरकारच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांस या देशात पाठविले. त्यांच्या सल्ल्याने म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे व दिल्लीच्या लोदी कॉलनीत स्त्रियांस दिवस मोजावयास शिकविण्यात आले, आणि ज्यांस लिहिणे येत नव्हते त्यांस रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. परंतु फारच थोड्या जोडप्यांनी ही रीत पुढे चालविली. कोणी मणी सरकवावयास विसरत, तर कोणी माळ जवळ असली म्हणजे पुरे असे समजत, अशा हकीकती त्या प्रयोगाविषयी सांगतात.

तेव्हा माळ हा ताईत नव्हे. पुढे अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाने ३२ मण्यांच्या रीतीची बोलिव्हिया, पेरू व फिलिपाइन्स या देशांत परीक्षा केली. तिचा निकाल सन २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नियम तंतोतंत पाळणाऱ्या १०० स्त्रियांपैकी वर्षात ५ जणींहून कमी गरोदर राहिल्या. परंतु पाळणाऱ्या व चुकणाऱ्या अशा सर्व मिळून पाहता ती संख्या सुमारे १२ झाली. मणी तेच, दिवसही तेच. फरक पडला तो पांढऱ्या मण्यांच्या दिवसांत घरात काय घडले याने.

५. संमती म्हणजे काय?

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात पतिपत्नीने काही काळ दूर राहण्याचा उल्लेख आहे. तेथे प्रसंग प्रार्थनेचा आहे, अंतर राखण्याचा नव्हे. तथापि ते दूर राहणे दोघांच्या संमतीने व ठरावीक काळापुरते असावे, आणि पत्नीच्या शरीरावर जसा पतीचा, तसा पतीच्या शरीरावर पत्नीचाही अधिकार आहे, हे तेथे स्पष्ट आहे. वाचकांनी तो भाग पतिपत्नी मिळून वाचावा.

व्यवहारात याचा अर्थ असा. दिनदर्शिकेवरील खूण पतीने स्वतः पाहावी. जमल्यास कडे सरकविण्याचे काम त्यानेच पत्करावे. पती ऊसतोडणीस किंवा मुंबईस कामाला असून चार दिवसांच्या सुटीवर घरी येत असेल, तर ते चार दिवस नेमके पांढऱ्या मण्यांचे निघू शकतात. तेव्हा काय करावयाचे हे त्याने येण्यापूर्वीच ठरलेले असावे. दारू पिऊन आलेल्या पुरुषास मणी दिसत नाही. अशा घरात ही रीत चालणार नाही, आणि गर्भ राहिल्यास पत्नीने चुकीचे मोजले असे म्हणून तिला बोल लावणे अन्याय होय.

६. कोणी यावर विसंबू नये?

ज्यांची पाळी अनियमित आहे, ज्यांची पाळी जाण्याच्या बेतात आहे, आणि बाळंतपणानंतर ज्यांचे फेरे अजून नियमित झाले नाहीत, त्यांनी दिवस मोजण्यावर भरवसा ठेवू नये. बाळंतिणीस मात्र एक वेगळा आधार आहे: मूल ६ महिन्यांच्या आतील असावे, पाळी परत आलेली नसावी, आणि मूल रात्रंदिवस केवळ अंगावर पीत असावे. या तिन्ही गोष्टी असताना १०० पैकी सुमारे २ जणींसच गर्भ राहतो. वरचे दूध, मध किंवा गुटी चालू केली, अथवा तिन्हींपैकी एक जरी गोष्ट ढळली, की हा आधार संपला असे समजावे.

ज्या स्त्रीस पुन्हा गरोदर राहणे जिवावरचे आहे असे डॉक्टरांनी सांगितले आहे, तिने दिवस मोजण्यावर मुळीच राहू नये. तांबी, गोळ्या, निरोध इत्यादी उपाय सरकारी आरोग्य केंद्रांत मिळतात, आणि गावातील आशा सेविका वाट दाखविते. जिचा पती संमती देत नाही तिनेही हीच वाट धरावी. त्यात लाजण्याजोगे काही नाही.

उपदेशकांस सूचना: हा पाठ पुरुषांस व स्त्रियांस प्रथम वेगवेगळा शिकवावा. स्त्रियांस शिकविण्याचे काम उपदेशकाच्या पत्नीने किंवा परिचारिकेने करावे. नंतर जोडप्यांस एकत्र बसवून पुढील प्रश्न विचारावेत.

प्रश्न

१. दोन बाळंतपणांत अंतर नसल्यास मातेची व मुलाची कोणती हानी होते?
२. स्त्रीबीज सुटण्याचा दिवस कोणत्या पाळीपासून मोजावा?
३. लहान फेरा २६ दिवसांचा व मोठा ३० दिवसांचा असल्यास कोणते दिवस टाळावेत? (उत्तर: ८ ते १९.)
४. रामनगरम येथे माळा असूनही ही रीत का टिकली नाही?
५. आपल्या घरात गणना कोण ठेवील, आणि दुसऱ्यास ती कशी कळेल? याचे उत्तर सभेत देऊ नये. घरी जाऊन एकमेकांस द्यावे.