आईची पाठ आणि ब्युरोची ‘ट्रेंड’ बाई

आईला सुटी देताना दवाखान्याने जाडजूड फाइल दिली, कोणती गोळी किती वाजता ते सांगितलं आणि पुढचा पेशंट घेतला. लकव्याने उजवी बाजू लुळी पडलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, याबद्दल अवाक्षर नाही. घर लाखनीला, माझी शाळा सकाळची, दादा पुण्यात. म्हणून नागपूरच्या एका ब्युरोकडून चोवीस तासांची बाई घेतली. नोंदणीचे पैसे वेगळे, महिन्याचा पगार आगाऊ. ‘आमच्या सगळ्या बाया ट्रेंड आहेत, ताई,’ असं तिथले साहेब छातीठोकपणे म्हणाले होते.

मुलगी स्वभावाने चांगली होती, तिच्यावर राग नाही. पण तिला कुणी काही शिकवलेलंच नव्हतं. आईच्या माकडहाडापाशी लाल डाग पडला, तर ती रोज तिथे स्पिरिट चोळायची, वरून पावडर. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आशाताईंसोबत घरी आल्या, तेव्हा त्यांनी डागावर बोट दाबून उचललं. लाली तशीच. ‘चोळू नका मॅडम, आतलं मांस खराब होऊन राहिलं,’ म्हणाल्या. तोवर कातडी काळवंडायला लागली होती.

ब्युरोला फोन केला. ‘पेशंट झोपून आहे ना, मग बेडसोर होणारच.’ दर दोन तासांनी कूस बदलायची, हे तुम्ही बायांना शिकवत नाही का, असं विचारलं. उत्तर आलं, ‘तुम्ही तर शिकलेल्या आहात मॅडम, तुम्हाला माहीत पाहिजे.’ पैसे त्यांनी घ्यायचे, माहीत मला पाहिजे! दुसरी बाई हवी तर नोंदणी पुन्हा करा, म्हणे. आगाऊ दिलेल्यातले उरलेले पैसे मागितले, तर फोन उचलणं बंद.

म्हणून सांगते. बाई ठरवण्याआधी तिला तुमच्यासमोर पेशंट वळवून दाखवायला लावा. पैसे रोख देऊ नका, पावती आणि बदली बाईची अट लिहून घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तर कागदच बोलतो, आणि तिथे वकील लागतोच असं नाही. दाबल्यावर फिकी न पडणारी लाली म्हणजे जखमेची सुरुवात. भोकाची गोल उशी त्याखाली ठेवू नका, तिच्या कडेवर दाब वाढतो. दवाखान्यातून निघण्याआधी सिस्टरला हाताला धरून सगळं करून दाखवायला सांगा. लाजू नका. आणि स्वतःची झोप सांभाळा, असं सगळेच सांगतात. कधी सांभाळायची ते कुणी सांगत नाही.

सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड 2024 पासून आहे, 5 लाखांपर्यंतचं. ते जरूर काढा, पण ते भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरच्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567, सकाळी 8 ते रात्री 8. हा नंबर मला ना दवाखान्यात मिळाला ना कुठल्या कचेरीत.

दादाबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. एवढंच सांगते, की 2007 च्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात आईवडिलांना निर्वाहासाठी अर्ज करता येतो. धानाची शेती मुलाच्या नावावर करताना ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असं बक्षीसपत्रात लिहून घ्या. सांभाळ झाला नाही तर त्याच कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं. आमच्या कागदात ती ओळ नाही. तेव्हा मी ती घाला म्हणाले होते, तर सगळे माझ्यावरच उखडले.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो, अंगठा उमटण्याची गरज नाही. सत्तरीपुढच्यांना बँकेने घरी येऊन सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच सांगितलंय. आमच्या बँकेतल्या बाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, ‘ऑटोत बसवून आणा ना आजींना.’