हस्तमुद्रित चित्रे आणि स्थानिक कलामंडळे : रायपूरच्या संदर्भात

चित्रकला म्हटले की एकमेव, पुन्हा न घडणारी कलाकृती आपल्या डोळ्यांसमोर येते. ती एकाच भिंतीवर टांगली जाते आणि तिची किंमतही त्याच प्रमाणात वाढते. मुद्राचित्र मात्र याला अपवाद आहे. कलावंत लाकूड, लिनोलियम, धातूचा पत्रा किंवा दगड यांवर स्वहस्ते चित्र घडवतो आणि त्यावरून कागदावर मर्यादित प्रती उमटवतो. यांतील प्रत्येक प्रत मूळ कलाकृतीच मानली जाते. त्यामुळे एकच चित्र अनेक घरांत जाऊ शकते आणि त्याची किंमत शिक्षक, कारकून किंवा छोटा व्यापारी यांच्या आवाक्यात राहू शकते. पण प्रत खरोखर हाताने छापलेली आहे आणि प्रतींची संख्या सांगितली तेवढीच आहे, याची खात्री ग्राहकाला कोणी द्यावी? या प्रश्नाचे उत्तर कलावंत आणि ग्राहक यांना जोडणाऱ्या स्थानिक संस्थांकडे आहे. छत्तीसगढची राजधानी रायपूर हे उदाहरण घेऊन या विषयाचा विचार करू.

संकल्पना आणि तंत्रे

भारताच्या सीमाशुल्क दरपत्रकात ‘मूळ उत्कीर्णने, मुद्राचित्रे व शिलामुद्रिते’ असे स्वतंत्र शीर्षक (क्र. ९७०२) आहे. या शीर्षकाखाली येण्यासाठी ठसा पूर्णपणे कलावंताने हाताने घडवलेला असावा लागतो आणि छाप थेट त्या ठशावरून घेतलेली असावी लागते. यांत्रिक किंवा छायायांत्रिक प्रक्रियेने केलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. तंत्र कोणतेही चालते. अट हाताच्या कामाची आहे.

मुद्राचित्रणाचे चार मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

१. उठाव मुद्रण : नको असलेला भाग कोरून काढतात व उरलेल्या उंच भागावर शाई लावतात. काष्ठठसा व लिनोठसा ही त्याची उदाहरणे.
२. खोल मुद्रण : धातूच्या पत्र्यावर रेषा कोरतात किंवा आम्लाने खोदतात. शाई त्या खाचांत भरून दाबयंत्राने ओलसर कागदावर उतरवतात.
३. समतल मुद्रण : तेलकट शाई आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या तत्त्वावर शिळाछाप चालतो. आलॉइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास जर्मनीत हे तंत्र शोधले.
४. जाळीमुद्रण : ताणलेल्या जाळीच्या मोकळ्या भागातून रंग खाली दाबला जातो.

प्रतीच्या खालच्या कडेला कलावंत पेन्सिलीने ७/२५ असा क्रमांक लिहून सही करतो. याचा अर्थ, एकूण पंचवीस प्रतींपैकी ही सातवी. आवृत्ती पूर्ण झाल्यावर ठशावर रेघ मारून तो रद्द करण्याचा संकेत आहे.

महाराष्ट्राचा पूर्वानुभव

चित्र घरोघर पोचवण्याचा मोठा प्रयोग एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा स्थापन केली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवला गेला. देवघरांत आणि दिवाणखान्यांत देवदेवतांची रंगीत चित्रे आली, ती अशा छापखान्यांतून. मात्र रविवर्म्यांच्या छापखान्यात मूळ तैलचित्र दगडावर उतरवण्याचे काम कुशल कारागीर करत आणि प्रतींच्या संख्येवर बंधन नव्हते. त्यामुळे ती लोकप्रिय छापील चित्रे होती. आजच्या व्याख्येतील मूळ मुद्राचित्रे नव्हेत. परीक्षार्थींनी हा भेद ध्यानात ठेवावा.

रायपूरची पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले; परंतु रायपूरचे सांस्कृतिक संस्थाजीवन त्याहून पुष्कळ जुने आहे. राजनांदगावच्या महंत घासीदास यांच्या नावाचे संग्रहालय येथे १८७५ पासून आहे. खैरागढ येथे १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. तेथील दृश्यकला शाखेत मुद्राचित्रणाचे शिक्षण दिले जाते. तेथे अध्यापन केलेले मुद्राचित्रकार व्ही. नागदास यांची २०२३ मध्ये ललित कला अकादमीच्या अध्यक्षपदी नियुक्ती झाली. अविभाजित मध्य प्रदेशात १९८२ मध्ये सुरू झालेल्या भोपाळच्या भारत भवनातही मुद्राचित्रण कार्यशाळा होती. गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांनी तेथे काम केले. आदिवासी चित्रपरंपरा आणि आधुनिक छापतंत्र यांची ती महत्त्वाची भेट होती.

सरगुजा भागातील गोदना चित्रकला हे आणखी एक उदाहरण. अंगावर गोंदण्याच्या आकृत्या तेथील स्त्रियांनी कापडावर आणल्या. ही चित्रे हाताने रंगवलेली असतात, छापलेली नसतात. त्यांतील आकृत्या जाळीवर चढवून शेकडो कापडांवर छापल्या आणि ते कापड ‘गोदना’ म्हणून विकले, तर ग्राहकाची फसवणूक होते आणि मूळ कारागीर स्त्रीचा रोजगारही बुडतो.

संस्थांची भूमिका

मुद्राचित्रकाराची पहिली अडचण भांडवलाची असते. खोल मुद्रण व शिळाछाप यांसाठी लागणारे दाबयंत्र जड आणि महाग असते. विद्यार्थी असताना ते महाविद्यालयात उपलब्ध असते. पदवी हाती पडताच सुटते. दुसरी अडचण ग्राहकाची. पंचवीस प्रती छापल्या, पण घेणारे तीनच असले, तर बहुप्रतीचा लाभ कागदावरच राहतो.

या दोन्ही अडचणींवर सभासदत्वाचा मार्ग जगात आजमावला गेला आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १९१९ मध्ये स्थापन झालेले मुद्राचित्र मंडळ आपल्या सभासदांसाठी कलावंतांकडून खास मुद्राचित्रे करवून घेत आले आहे. हे गणित सोपे आहे. समजा, पन्नास सभासदांनी वर्षाला प्रत्येकी एक हजार रुपये वर्गणी दिली, तर कलावंताचे काम सुरू होण्यापूर्वीच पन्नास हजार रुपये जमतात. कागद, शाई व मेहनताना यांची सोय होते आणि प्रत्येक घरात एक मूळ कलाकृती जाते. आवृत्ती किती प्रतींची, हे पन्नास जणांना ठाऊक असते. त्यामुळे लबाडीला वाव उरत नाही. आपल्याकडील भिशीची ओळख असणाऱ्यांना हे तत्त्व नवे वाटू नये.

रायपूरला अशा एकत्रित उद्यमाची परंपरा आहे. वामनराव लाखे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथे सहकारी चळवळीचा पाया घातला. त्यापूर्वी, १९०० मध्ये, माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले होते आणि त्यातही लाखे यांचा सहभाग होता. आज शहरातील महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था, गणेशोत्सव मंडळे, पंडरी येथील छत्तीसगढ हाट आणि नोव्हेंबरमधील राज्योत्सव ही लोक एकत्र येण्याची ठिकाणे आहेत. अशा ठिकाणी एक छोटे दाबयंत्र मांडून लोकांसमोर छाप घेतली, तर हस्तमुद्रित प्रत आणि संगणकीय प्रत यांतील फरक व्याख्यानाशिवाय कळेल.

कायदेशीर व घटनात्मक चौकट

• संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) नुसार नागरिकांना संघटना स्थापन करण्याचा अधिकार आहे. ९७ व्या घटनादुरुस्तीने (२०११) त्यात सहकारी संस्थांचा समावेश झाला आणि अनुच्छेद ४३-ख जोडण्यात आला.
• प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ मधील ‘उत्कीर्णन’ या संज्ञेत काष्ठठसे, शिलामुद्रिते व मुद्राचित्रे येतात. संरक्षणाचा कालावधी सामान्यतः कलावंताच्या हयातीनंतर ६० वर्षे आहे.
• याच अधिनियमाचे कलम ५३-क दहा हजार रुपयांहून अधिक किमतीच्या पुनर्विक्रीत कलावंताला वाटा देते. तेथे चित्र, शिल्प, रेखाटन यांचा उल्लेख आहे; उत्कीर्णनाचा नाही.
• भौगोलिक उपदर्शन अधिनियम, १९९९ हा सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. बस्तरच्या ढोकरा शिल्पाला या कायद्याखाली संरक्षण मिळाले आहे.
• मूळ मुद्राचित्रांवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्के करण्यात आला.

पुढील दिशा

कायदा व्याख्या करतो आणि कर सवलत देतो. प्रत पारखणारा डोळा मात्र समाजालाच घडवावा लागतो. त्यासाठी तीन उपाय सुचवता येतील. पहिला, कला महाविद्यालय किंवा कलादालनात माजी विद्यार्थ्यांसाठी माफक शुल्कात सामायिक दाबयंत्र. दुसरा, प्रत्येक आवृत्तीची संख्या, तंत्र व तारीख नोंदवणारी आणि कोणालाही पाहता येईल अशी मंडळाची नोंदवही. तिसरा, पारंपरिक आकृत्या वापरताना संबंधित समूहाची संमती आणि उत्पन्नात वाटा. या उपायांना मोठा निधी लागत नाही; नियमितपणा लागतो. शेजाऱ्याच्या घरातील चित्र कोणी आणि कसे छापले हे ज्या शहरातील माणसे सांगू शकतील, तेथील तरुण कलावंताला पोटासाठी हातातील कोरणी खाली ठेवावी लागणार नाही.

सरावासाठी प्रश्न

१. मूळ मुद्राचित्र आणि छापील चित्र यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. हस्तकलेच्या संरक्षणात प्रतिलिपी अधिकार व भौगोलिक उपदर्शन यांची भूमिका कशी भिन्न आहे?
३. ‘कलेचा प्रसार हा संस्थांच्या विश्वासार्हतेवर अवलंबून असतो.’ चर्चा करा.