पॅटर्नचं माप कास्टिंगच्या फाइलमध्ये नको

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. एका बेअरिंग हाउसिंगचे पाच साइज आहेत. कास्टिंग, मशिनिंग, पॅटर्न अशा पंधरा फायली 'सेव्ह ॲज' करून झाल्यात. ग्राहकाने एक बदल सांगितला की सगळ्या उघडाव्या लागतात. काय करावं?

उत्तर : इथे दोन वेगळी कामं एकात मिसळली आहेत. आकार तोच आणि फक्त मापं वेगळी, तर सॉलिडवर्क्समध्ये डिझाइन टेबल लावा. एक्सेलच्या एका ओळीत एक साइज, म्हणजे एक कॉन्फिगरेशन. (इन्व्हेंटरमध्ये आयपार्ट, क्रिओत फॅमिली टेबल.)

कास्टिंग आणि मशिनिंगचं नातं मात्र निराळं. तिथे डिराइव्ह्ड पार्ट हवा. कास्टिंग मूळ धरा, नव्या फाइलमध्ये घ्या आणि त्यावर बोअर, फेसिंग, ड्रिलिंगचे कट द्या. मशिनिंग अलाउन्स कास्टिंगमध्येच राहील. त्याच कास्टिंगवरून तिसरी फाइल काढून स्केल करा, तो पॅटर्न. आकसण्यासाठी ग्रे आयर्नला साधारण १ टक्का, स्टीलला २ च्या आसपास. पक्का आकडा मात्र तुमच्या पॅटर्नमेकरलाच विचारा, सॉफ्टवेअरला तो ठाऊक नसतो. कोअर प्रिंटही याच फाइलमध्ये. हे स्केलिंग कास्टिंगच्या फाइलमध्ये केलंत, तर इन्स्पेक्शनचं ड्रॉइंगही फुगलेलं निघेल!

एक कटकट राहतेच. मशिनिंगच्या प्रत्येक कॉन्फिगरेशनला कास्टिंगचं जुळणारं कॉन्फिगरेशन नेमून द्यावं लागतं. आणि फायलींची नावं विंडोजमधून बदलू नका, लिंक तुटते. ग्राहकाकडे पाठवताना 'पॅक अँड गो' वापरा.