'नको' आधीच सांगून ठेवा

केटामाइन हे नाव आमच्या शहरात ऑक्टोबर 2023 मध्ये घराघरांत पोहोचलं. महसूल गुप्तचर संचालनालयाने छत्रपती संभाजीनगरात आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे घातले, त्यात कोकेन आणि मेफेड्रोनसोबत केटामाइनही जप्त झालं. त्याच महिन्याच्या 28 तारखेला तिकडे लॉस एंजेलिसमध्ये मॅथ्यू पेरी हा अभिनेता घरच्या गरम पाण्याच्या टबमध्ये मृतावस्थेत सापडला. केटामाइनच्या तीव्र परिणामाने मृत्यू, असा तिथल्या वैद्यकीय तपासणीचा निष्कर्ष निघाला. 'बटन' नावाने विकल्या जाणाऱ्या गुंगीच्या गोळ्यांच्या नशेने आधीच जेरीस आलेल्या आमच्या शहराने या औषधावर कायमचा शिक्का मारला, आणि त्यात लोकांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण मी ते घेतलं आहे. बरीच वर्षं मुक्कामाला आलेल्या आणि कुठल्याच गोळीला नीट दाद न देणाऱ्या नैराश्यावर, मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने, शिरेतून. मला त्याचा उपयोग झाला. आणि पहिल्यांदा ज्या पद्धतीने ते मला दिलं गेलं, तसं कुणालाही दिलं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. शाळेतल्या नोकरीमुळे पालकांशी बोलायची सवय आहे. हल्ली त्यातले काही जण बाजूला घेऊन हळू आवाजात याच उपचाराविषयी विचारतात. कुणाचा मुलगा असतो, कुणाची सून.

कायद्याचं आधी सांगते. जगभर ज्याला सायकेडेलिक उपचार म्हणतात, त्यात सायलोसायबिन म्हणजे मशरूममधलं द्रव्य, एमडीएमए, एलएसडी यांची चर्चा असते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2023 पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना यातली पहिली दोन द्रव्यं ठरावीक आजारांसाठी देण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र ऑगस्ट 2024 मध्ये एमडीएमए उपचाराला मंजुरी नाकारली आणि आणखी एक मोठी चाचणी करायला सांगितलं. भारतात ही तिन्ही द्रव्यं 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात, आणि ती देण्याचा परवाना असलेला दवाखाना आपल्याकडे नाही. केटामाइनची गोष्ट वेगळी. भुलीचं औषध म्हणून ते 1970 पासून अधिकृत वापरात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आपल्याकडेही 2011 पासून त्यावर याच कायद्याचा अंकुश आहे आणि नंतर ते औषधांच्या 'एक्स' परिशिष्टात गेलं. म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत, दुकानदाराने एक प्रत जपून ठेवायची. नैराश्यासाठी डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर देतात. ते काटेकोर अर्थाने सायकेडेलिक नाही, पण मनावर जे करतं ते त्याच घरातलं आहे. आपल्या डॉक्टरांच्या हातात कायद्याने आज एवढंच आहे.

आता ते काय करतं ते सांगते, कारण सगळी काळजी त्यातूनच निघते. सुई लागल्यावर थोड्याच वेळात ओठ बधिर झाल्यासारखे वाटले. छत लांब गेलं. मग हात आहेत हे माहीत होतं, पण ते माझे आहेत असं वाटेना. आवाज सगळे येत होते, कुणीतरी माझं नाव घेतलं तेही ऐकू आलं, पण ते नाव दुसऱ्या कुणाचं असावं तसं. काळ चालतो आहे की थांबला आहे, कळत नव्हतं. भीती आली तेव्हा ती 'मला भीती वाटते' अशी आली नाही. भीती होती आणि मी कुठेच नव्हते. तोंड उघडायचं, शब्द जुळवायचा, तो बाहेर काढायचा ही साखळीच तुटलेली असते. मला 'थांबवा' म्हणायचं होतं. ते माझ्या मनात पूर्ण शब्दात होतं. बाहेर आलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं मला हेच सांगायचं आहे. या उपचाराच्या तासाभरात माणूस 'नको' म्हणू शकेलच असं नाही. म्हणून जे नको आहे ते सगळं आधी, शुद्धीत असताना, आपल्या भाषेत, लिहून द्यायचं. आणि आपल्या वतीने ते म्हणणारं आपलं माणूस खोलीत हवं.

माझ्या बाबतीत पहिल्या ठिकाणी यातलं काहीच झालं नव्हतं. तो एक लहानसा खासगी दवाखाना होता. संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता आणि तो हातात आला तेव्हा शिरेत सुई बसलेली होती. ताई सोबत आली होती, तिला 'आत परवानगी नाही' म्हणून बाहेरच्या बाकावर बसवलं. मला ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, हे कुणी विचारलं नाही. दाब एकदा सुरुवातीला मोजला, मग पट्टा काढून ठेवला. डॉक्टर दुसरे पेशंट बघायला गेले. मी अस्वस्थ होऊन हलायला लागले तेव्हा एका अनोळखी मदतनिसाने माझे दोन्ही खांदे दाबून धरले. त्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण ते हात मला आठवतात, आणि ते काढायला सांगता येत नव्हतं हेही आठवतं. नंतर ग्लानी पुरती उतरली नसताना 'आता जा' म्हणून सोडलं. नवरा मोटारसायकल घेऊन आला होता. मला मागे बसताच येईना. ताईने रिक्षा केली, वाटेत दोनदा उलटी झाली. संध्याकाळी आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी दाब मोजला आणि रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं.

केटामाइनने रक्तदाब वाढतो. हे औषध देणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि म्हणूनच पट्टा दंडावरून काढायचा नसतो. ज्यांचा दाब ताब्यात नाही, मेंदूच्या किंवा मोठ्या रक्तवाहिनीला फुगवटा आहे, जी स्त्री गरोदर आहे, ज्यांना कधी भास-भ्रम झाले आहेत किंवा घरात स्किझोफ्रेनिया आहे, ज्यांना अतिउत्साहाचे झटके येऊन गेले आहेत, दारू किंवा कशाचं व्यसन आहे, त्यांनी हे पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगावं. डॉक्टर विचारतील याची वाट बघू नका. आणि आपल्याकडे सुनेच्या माहेरच्या वेडाचा इतिहास लपवून ठेवायची जी रीत आहे, ती निदान या एका टेबलावर मोडा. चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. कुणाच्या सांगण्यावरून त्या आपल्या आपण बंद करू नका.

मात्रेविषयीही विचारायचं, आणि त्यात संकोच करू नये. नैराश्यासाठी रूढ मात्रा वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम आहे, ती सुमारे 40 मिनिटांत सलाइनमधून हळूहळू जाते. भूल द्यायला एका झटक्यात याच्या दुपटी-चौपटीने देतात. साठ किलोच्या बाईला लागतात 30 मिलिग्रॅम. हे औषध वेगवेगळ्या तीव्रतेच्या बाटल्यांत मिळतं. मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून 30 मिलिग्रॅम म्हणजे अवघं 0.6 मिली. एवढ्याशा मापात चूक व्हायला फार काही लागत नाही. दुसऱ्या ठिकाणी, जिथे मी पुढचा सगळा उपचार घेतला, तिथे नर्सने बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचला, दुसरीने तो पाहून सही केली, आणि भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत खोलीत होते. ऑक्सिजन भिंतीला जोडलेला होता. मला ते बघून जे बरं वाटलं, ते कुठल्याही मंद संगीताने वाटलं नसतं.

त्या दुसऱ्या ठिकाणी जायच्या आधी ताईने आणि मी एक कागद तयार केला. अगदी साधा. मला कोण हात लावू शकेल: नर्सबाई, फक्त मनगटाला आणि दंडाला. मी रडले तर थांबवू नका. मी उजव्या हाताची मूठ दोनदा वळली तर सलाइन बंद करा, मग मी काही बोलो न बोलो. त्या अवस्थेत माझ्याकडून कसलाही होकार घेऊ नका, ना सहीला, ना जास्त मात्रेला. शेवटी, ताई खोलीत राहील. डॉक्टरांनी कागद वाचला, एक-दोन शंका विचारल्या आणि फाइलला लावला. ज्या डॉक्टरांना असा कागद अपमान वाटेल, त्यांच्याकडे ही सुई घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यातलं बरंचसं मागणं कायद्याने आपलंच आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की आजार काय, उपचार काय, त्याचे ज्ञात दुष्परिणाम काय, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितलं पाहिजे. मराठी वाचणाऱ्या बाईपुढे इंग्रजी फॉर्म सरकवणं म्हणजे सांगणं नव्हे. याच कायद्यात आपला प्रतिनिधी आपण नेमायची सोय आहे, साध्या कागदावर, आपल्या सहीने. तो नवराच असला पाहिजे असं नाही. मी ताईला नेमलं. घरात त्यावरून थोडी कुरबूर झाली, पण संकटात माझ्यासाठी भांडेल असं माणूस कोण, हे मला माहीत होतं. आपल्या उपचाराच्या नोंदी मागायचा आणि सेवेतल्या उणिवेची तक्रार करायचा हक्कही त्यातच आहे.

आपलं माणूस खोलीत हवं म्हणते, ते का? कॅनडात 2015 मध्ये एमडीएमएच्या एका चाचणीत नियमाप्रमाणे दोन उपचारक खोलीत होते, नवरा-बायको. चित्रीकरणही चालू होतं. तरी त्या दोघांनी औषधाच्या अंमलाखालच्या रुग्ण स्त्रीला बिलगून, धरून ठेवल्याचं त्या चित्रफितीत दिसलं. चाचणी चालवणाऱ्या संस्थेने पुढे हा नीतिनियमांचा भंग असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. म्हणजे दोन माणसं होती, कॅमेरा होता, सगळी व्यवस्था होती; तिच्या बाजूचं मात्र कुणी नव्हतं. ही द्रव्यं माणसाला लहान मुलासारखं विश्वास ठेवायला लावतात. समोरचा जे करतो ते उपचाराचाच भाग आहे असं त्या क्षणी वाटतं, आणि पुढे कित्येक महिने वाटत राहतं.

आता उपचारानंतरचं, ज्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, गॅसजवळ एकटं जायचं नाही, पैशांचे व्यवहार करायचे नाहीत. रात्रभर झोप होईपर्यंत सोबत कुणीतरी हवं. याहून मोठी गोष्ट पुढे आहे. माझ्यासारख्या पुष्कळांना पहिल्याच दिवसांत हलकं वाटतं. इतक्या वर्षांनी सकाळी उठून भाजी निवडावीशी वाटली, तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून ते सांगितलं. पण एका सलाइनचा परिणाम काही दिवसांत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. आणि एकदा उजेड पाहिल्यावर पुन्हा अंधारलं की तो अंधार पहिल्यापेक्षा जड वाटतो. जीव नकोसा होण्याचे विचार मला त्याच टप्प्यावर आले. मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर मी त्याला 'आता हाही उपाय संपला' असं समजले नसते. म्हणून पुढच्या भेटीची तारीख सुई लागायच्या आधी ठरवा, आणि मधल्या दिवसांत रोज कोण फोन करणार तेही. रात्री-अपरात्री बोलायला सरकारी टेली-मानसचा 14416 हा क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

लवकर ओसरतं म्हणून लोक जास्त मागायला लागतात, हा दुसरा खड्डा. पेरी दवाखान्यात केटामाइन घेत होताच, पण त्याची शेवटची नोंदलेली सलाइन मृत्यूच्या सुमारे दीड आठवडा आधीची. शरीरात सापडलेलं औषध त्यातलं असणं शक्य नव्हतं, असं तपासणी अहवालात म्हटलं होतं. ते बाहेरून आणलेलं होतं, घरी टोचलेलं होतं, आणि जवळ पाणी होतं. वरचेवर घेणाऱ्यांचं मूत्राशय खराब होतं, लघवीला जळजळ होते, रक्त जातं. कुणी 'घरी नेऊन घ्या' म्हणून बाटली किंवा फवारा देऊ लागलं तर तिथूनच परत फिरा.

आणि गोवा. मला स्वतःला एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं होतं, समुद्राजवळच्या बंगल्यात शनिवार-रविवार 'मशरूमचं शिबिर', सोबत ध्यान, सोबत परदेशी गुरू. मी गेले नाही. मशरूम वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही. त्यावरचं संशोधन मी आस्थेने वाचते. पण तिथे माझ्या गोळ्या कुणी विचारणार नव्हतं. लिथियम चालू असलेल्यांना अशा मशरूमनंतर फिट आल्याच्या नोंदी आहेत. शिवाय तिथे कुणी अंगाला हात लावला तर तक्रार करायला जाणाऱ्या बाईला आधी स्वतःचाच गुन्हा सांगावा लागतो. शिबिर भरवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

तरीही कुणी काही घेतलंच, आणि छाती धडधडते आहे, अंग तापलं आहे, फिट आली आहे, माणूस ओळखत नाही किंवा स्वतःला इजा करू पाहतो आहे, तर लिंबू-ताक देत घरी बसू नका. एका कुशीवर निजवा, एकटं सोडू नका, 108 ला फोन करा किंवा सरळ सरकारी घाटी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. काय घेतलं, किती, केव्हा, आणि सोबत कुठल्या गोळ्या चालू आहेत, ते डॉक्टरांना खरं सांगा. उरलेली पुडी किंवा गोळी असेल तर ती दाखवा. रुग्णालय अशा वेळी पोलिसांना कळवू शकतं. कळवू द्या. त्याचं नंतर बघता येईल.