चौथे शील आणि मुलाचा प्रश्न



दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. आजीजवळ राहणारे पोर विचारते, "आई, कधी येशील?" आई म्हणते, "आठ दिवसांत." कारखाना बंद होईपर्यंत चार-पाच महिने जातात.

आई लबाड नाही. तिला पोराच्या रडण्याचे भय वाटते. पुष्कळसे खोटे असेच भयातून किंवा लोभातून जन्मते. पण आठ दिवस सरतात आणि पोराचे विचारणेच थांबते. जेथे प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही, तेथे मूलही खोटे बोलण्यास शिकते.

भगवान बुद्धांनी भांड्यातले थोडेसे पाणी दाखवून पुत्र राहुलाला समजावले की, जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणपण एवढेच थोडे. कालामांना त्यांनी सांगितले की, तुमची शंका योग्यच आहे. सत्य आणि जिज्ञासा एकमेकींच्या आधाराने वाढतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याचीही प्रतिज्ञा आहे. ती पोरांशी बोलतानाही पाळावयाची आहे.

म्हणून निघताना पोराला जवळ घ्या व सांगा, "उन्हाळा लागला की येईन." ते रडेल, पण तुमच्या शब्दावर विसंबून वाट पाहील.