उकळले म्हणजे निर्जंतुक झाले काय?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला उष्णतेचे काय सांगावे! मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. तरी जखम शिवायला घेतली की एखादा रुग्ण हमखास विचारतो, "डॉक्टरसाहेब, हत्यारं उकळून घेतली नं?" प्रश्न रास्त आहे, पण नुसते उकळणे पुरत नाही.

बहुतेक जंतू उकळत्या पाण्यात मरतात. काही जीवाणू मात्र अडचणीच्या काळात जाड कवचाचे बीजाणू होऊन पडून राहतात. धनुर्वाताचा जंतू त्यांपैकीच. शेतातली माती आणि गुरांचे शेण यांत तो वर्षानुवर्षे टिकतो आणि १०० अंशांवर खात्रीने मरत नाही. पूर्वी विळ्याने नाळ कापलेले बाळ आठवड्याच्या आत दूध ओढेनासे होई, ताठ होई, ते यामुळेच. लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. मातीतले बीजाणू मात्र कुठे गेलेले नाहीत.

त्यांना मारायला दाबाखालची वाफ लागते. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा प्रेशर कुकरच: १५ पौंड दाब, १२१ अंश, किमान १५ मिनिटे. आत हवा अडकली, तर काटा १५ पौंड दाखवतो आणि उष्णता मात्र कमीच राहते.

म्हणून परीक्षा बीजाणूंकडूनच करून घ्यावी लागते. 'जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस' या निरुपद्रवी पण अतिशय चिवट जीवाणूचे बीजाणू आणि जांभळा द्रव असलेली कुपी कपड्यांच्या मधोमध ठेवतात. नंतर ती ५५ ते ६० अंशांवर एक-दोन दिवस ठेवायची. रंग जांभळाच राहिला तर बीजाणू मेले. पिवळा झाला तर जिवंत आहेत. जोडीला न तापवलेली एक कुपी असते, ती पिवळी व्हायलाच हवी.

माझ्या दवाखान्यात एकदा काटा बरोबर होता, ड्रमवरच्या चिकटपट्टीच्या रेघा काळ्याभोर होत्या आणि आतली कुपी पिवळी! पट्टी बाहेरून वाफ लागल्याचे तेवढे सांगते. कंपाउंडरवर ओरडणार होतो, पण ड्रम मीच ठासून भरला होता आणि बाजूची भोके उघडायला विसरलो होतो. त्यातले सामान आदल्या दिवशी एका मजुराच्या पायाला टाके घालायला वापरले होते. धनुर्वाताचे इंजेक्शन दिलेले होते. तरी हा रोग साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतो, म्हणून त्याला खरे काय ते सांगून तीन आठवडे दर दोन दिवसांनी बोलावले. जखम भरली. मी मात्र प्रत्येक खेपेला त्याला आधी तोंड उघडायला लावत होतो.

आता कुपी दर सोमवारी ठेवतो आणि ड्रमची भोके स्वतः पाहतो.