संगणकीकरण आणि सेवकवर्गाची साथ

धर्मादाय रुग्णालयात संगणकीकरणाचा विचार बहुधा यंत्रखरेदीपासून सुरू होतो. वास्तविक तो सेवकवर्गापासून सुरू व्हावयास हवा. कारण गरीब रुग्णाची सवलत आज त्यांच्या हातून होणाऱ्या नोंदीवर अवलंबून आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात. सन २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांचे नाव लाभलेल्या जन आरोग्य योजनेत तर नोंदणी, पूर्वमंजुरी व दावा हे तिन्ही टप्पे संगणकावरूनच पार पडतात. शिधापत्रिका व आधारकार्ड यांवरील नावांत तफावत निघाली, तर मंजुरी अडते आणि रुग्ण ताटकळतो.

येथे अनुभवी सेवकाचे मोल कळते. आपल्या निफाड तालुक्यात शिरवाडे वणी आहे, तसेच शिरवाडे वाकदही आहे. पालखेड मिरचीचे निफाडमध्ये, तर पालखेड बंधारा दिंडोरीत. ‘कोणते शिरवाडे?’ हे केसपेपरच्या खिडकीवरील जुना कारकून आपणहून विचारतो. टंकलेखनाचा वेग नाही एवढ्यावरून त्यास बाजूस सारणे हे संस्थेचेच नुकसान होय.

कीर्द-खतावणी संगणकावर नेताना तेरीज जुळेपर्यंत जुन्या वह्या बंद करीत नाहीत. हीच शिस्त येथे उपयोगी पडते :

१. रजिस्टर व संगणक काही काळ समांतर चालवून रोज सायंकाळी मेळ घालावा. मात्र ही मुदत आधीच जाहीर करावी. अन्यथा दुप्पट काम कायमचे मागे लागते.

२. प्रशिक्षण मराठीतून, कामाच्या वेळेतच आणि प्रत्यक्ष केसपेपरवर द्यावे. तरुण सेवकाने यंत्र शिकवावे, ज्येष्ठाने रुग्णास काय विचारावे ते शिकवावे.

३. परवलीचा शब्द प्रत्येकाचा स्वतंत्र असावा. स्वतःची चूक त्याच दिवशी सांगणाऱ्यास बोल लावू नये. लपलेली चूक दाव्याच्या वेळी रुग्णालयास भोवते.

४. वीज अथवा इंटरनेट बंद पडल्यास वापरावयाचे छापील नमुने खिडकीवर तयार असावेत.

विश्वस्त मंडळांनी अंदाजपत्रकात संगणकाच्या किमतीशेजारी प्रशिक्षणाच्या तासांचीही तरतूद करावी. हा खर्च कार्यालयीन खाती पडत असला, तरी त्याचा लाभ खाटेवरील रुग्णासच होतो.